एप्टेशियावरच्या ‘रामबाण’ उपायाची झडती

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतो. देणारा बदलतो, सल्ला थोड्याफार फरकाने तोच. दगडावर तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब हातांचं छोटं ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) दिसलं की तो एप्टेशिया, शेजाऱ्यांना डंख मारत पसरणारा उपद्रवी. तो घाण पाण्यामुळे होतो, म्हणून पाणी सुधारा आणि तीन दिवस लाइट बंद ठेवा. उरलेले ब्लेडने खरवडा. खाचेत लपलेल्यांना सिरिंजने लिंबाचा रस द्या. दोन पेपरमिंट श्रिंप (कोळंबीची एक जात) सोडा. एवढं करूनही राहिलेच तर दगड बाहेर काढून उकळा. आठवड्यात टँक साफ, सगळं घरगुती, केमिकल शून्य.

यातला एक उपाय धोकादायक आहे, एक नेमका उलटा परिणाम करतो, बाकीचे अर्धवट खरे आहेत. धोकादायक तो सगळ्यात शेवटी सांगितलाय. कुणी उत्साहाने आधीच गॅस पेटवू नये म्हणून इथेच सांगतो: दगड उकळू नका. का, ते पुढे येईलच.

“पाणी घाण झालं की एप्टेशिया होतो”

होत नाही, येतो. लाइव्ह रॉकच्या (जीवांसकट आणलेल्या दगडाच्या) भोकात बसून, फ्रॅगच्या (प्रवाळाच्या म्हणजे कोरलच्या तुकड्याच्या) प्लगखाली, म्हणजे त्याच्या बैठकीखाली, शेवाळाच्या गुच्छात, गोगलगाईच्या शंखावर. मिलिमीटरभर तुकडा आत आला तरी पुरतो. खाणं जास्त पडलं की तो भराभर वाढतो हे मात्र खरं, आणि एवढ्या एका खरेपणावर हा दावा उभा आहे.

पण स्वच्छ पाण्याने तो मरेल ही आशा सोडा. एक्झायप्टेशिया डायफाना हे त्याचं शास्त्रीय नाव. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारं शैवाल यांचं नातं कसं जुळतं, ब्लीचिंगमध्ये (प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा) ते कसं तुटतं, याचा अभ्यास जगभरच्या प्रयोगशाळा याच प्राण्यावर करतात. २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. तिथे तो नियमित बदललेल्या स्वच्छ पाण्यात मजेत राहतो. संशोधकांना तो सोयीचा वाटतो यामागे त्याचा चिवटपणाही आहे. अंगातलं शैवाल मुद्दाम काढून टाकलं तरी तो मरत नाही. पांढरा पडतो आणि आर्टेमियाची (कोळंबीसारख्या इवल्या जीवाची) पिल्लं खाऊन जगत राहतो. अशा जीवाला तीन दिवसांच्या अंधाराने काय होणार? अंधार लांबवलाच, तर आधी तुमचे कोरल कोलमडतील.

“ब्लेडने खरवडून काढा”

हाच तो उलटा परिणाम. एप्टेशियाच्या पायाच्या तळव्याचे छोटे तुकडे सुटतात आणि प्रत्येक तुकड्यातून पुरं नवं ॲनिमोन उभं राहतं. कुणी हात लावला नाही तरी तो सरकता सरकता मागे असे तुकडे सोडतच असतो. त्याची ही नेहमीची पुनरुत्पादनाची पद्धत आहे. प्रयोगशाळांत सीसी७ या नावाने ओळखला जाणारा वंश एकाच प्राण्यापासून असाच वाढवत नेलेला आहे, म्हणजे त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. ब्लेड चालवणारा माणूस हेच काम घरच्या टँकमध्ये करतो, वर वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) चालू ठेवून तुकडे चारी कोपऱ्यांत पोचवतो.

शिवाय डिवचला की तो अंगातून पांढरे दोरे बाहेर फेकतो. त्यांना ॲकाँशिया म्हणतात. ते डंखपेशींनी भरलेले असतात, आणि शेजारी झोआ किंवा एखादा एलपीएस (हौशी मंडळी ठेवतात ते कोरलचे प्रकार) असेल तर त्याला ते भोवतात.

खरवडायचंच असेल तर दगडासकट. फ्रॅग प्लगवर किंवा सुट्या छोट्या दगडावर असेल तर तो तुकडा टँकबाहेर घ्या, ॲनिमोन बसलंय तेवढा भाग बोन कटरने किंवा छिन्नीने उडवा, उरलेला भाग टँकमधून काढलेल्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत खळबळून मगच परत ठेवा. मोठ्या, रचलेल्या दगडावर असेल तर ब्लेड खिशातच राहू द्या.

“लिंबू नैसर्गिक आहे, म्हणून सुरक्षित”

इथे मला समर्थकांचा राग येतो तेवढाच विरोधकांचाही. लिंबाने किंवा व्हिनेगरने अख्खा टँक कोसळतो अशी भीती घालणारे बरेच आहेत. जरा हिशेब करू. १०० लिटर पाणी, अल्कॅलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) ८ डीकेएच, म्हणजे तिच्या मापात आठ. त्यात ५ टक्क्यांचं १० मिलिलिटर व्हिनेगर गेलं, तर अल्कॅलिनिटी साधारण पाव डीकेएच खाली येते, आणि बॅक्टेरियांनी व्हिनेगरातलं ॲसिटेट खाल्लं की ती भरून निघते. नायट्रेट उतरवण्यासाठी लोक मोजूनमापून व्हिनेगर घालतातच की. वाटीभर ओतलंत, तर मात्र बॅक्टेरिया उसळून पाणी दुधाळ होईल आणि ऑक्सिजन घटेल. रात्री तर नक्कीच.

लिंबाची खरी अडचण वेगळी आहे. ते पातळ असतं. सुई जवळ येताच एप्टेशिया भोकात आक्रसतो, रस पाण्यात पसरून विरतो, आणि अर्धवट भाजलेला प्राणी दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो. सुई थेट तोंडातून आत गेली तर लिंबूही मारतं. पण शंभर जणांच्या वस्तीत हा नेम किती वेळा साधणार?

म्हणून जुने लोक चुन्याकडे वळतात: कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात कालवून केलेली घट्ट दह्यासारखी पेस्ट. पंप बंद करायचे. ॲनिमोन पूर्ण उघडलेलं असताना बोथट सुईने पेस्ट हळूच त्याच्या तोंडाच्या चकतीवर सोडायची. आधी आर्टेमियाचा एक थेंब दिला तर ते तोंड उघडून बसतं. पेस्ट जड असल्याने जागेवर राहते, आणि आक्रसतानाही प्राणी ती आत ओढून घेतो. पंधरावीस मिनिटं थांबून मगच पंप सुरू करायचे.

पण याचाही हिशेब ऐका, कारण ‘चुना काय, घरात असतोच’ म्हणणारे तयारच असतात. त्याच १०० लिटरमध्ये १० ग्रॅम चुना पूर्ण विरघळला तर अल्कॅलिनिटी साडेसात डीकेएचने चढू शकते. जवळजवळ दुप्पट! सोबत पीएचही उसळतो, कारण चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४ असतो. म्हणजे मात्रा चुकली तर लिंबापेक्षा चुना कितीतरी महागात पडतो. लहान टँकमध्ये एका दिवशी चारपाच ॲनिमोन, बस्स. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात सुगंध किंवा इतर काही मिसळलेलं असू शकतं. डोळ्यांना चष्मा लावा; चुन्याचा शिंतोडा डोळ्यात जाणं ही गंमत नाही.

“दोन पेपरमिंट श्रिंप सोडा आणि विसरा”

हा उपाय चालतो, पण कोळंबी तीच असेल तर. दुकानात पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप सहज माथी मारला जातो. पेपरमिंट म्हणजे लिस्माटा, अंग काचेसारखं आणि त्यावर लाल बारीक रेघा. कॅमल जास्त लाल, अंगावर ठळक पांढऱ्या पट्ट्या नि ठिपके, पाठीला कुबड, डोळे मोठे. तो झोआ आणि सॉफ्ट कोरल कुरतडतो. खरा लिस्माटाही छोटे एप्टेशियाच खातो, तेही रात्री, आणि रोज पोटभर फ्रोझन खाणं मिळत असेल तर ढुंकूनही पाहत नाही.

बाकीचे भिडू थोडक्यात. बर्घिया ही समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, म्हणून ती भरवशाची, आणि काम संपलं की उपासमारीने मरते. टँकमध्ये रॅस मासा किंवा पेपरमिंट असेल तर ती त्याआधीच त्यांच्या पोटात. कॉपरबँड बटरफ्लाय मासा दिसायला सुरेख, पण बरेच जण घरी काहीच न खाता खंगतात. फक्त एप्टेशियासाठी तो आणणं मला पटत नाही. फाइलफिश खातो, कधी कधी कोरलही.

आणि तुमच्याकडचं ॲनिमोन बुटकं, जाड हातांचं, टोकाला फुगीर, हिरवट किंवा गुलाबी असेल तर तो एप्टेशिया नव्हेच, मजानो आहे. पेपरमिंट आणि बर्घिया त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तिथे चुन्याची पेस्टच.

“नाहीच गेले तर दगड उकळा”

एप्टेशियाचं राहू द्या, त्याच दगडावर आणखी काय आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक रीफ (कोरलांच्या) टँकमध्ये झोआ असतात, बऱ्याचदा त्यांचे भाऊबंद पॅलिथोआही. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं गेलं, आणि प्रथिन नसलेल्या नैसर्गिक विषांत ते सर्वांत जहाल विषांपैकी एक गणलं जातं. दगड उकळला की वाफेबरोबर ते श्वासात जाऊ शकतं. अमेरिकेत व्हर्जिनियात २००७ मध्ये एका माणसाने दगडावरचे झोआ मारायला उकळतं पाणी ओतलं आणि ती वाफ श्वासात जाऊन तो आजारी पडला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हंटन गावी २०१८ मध्ये घरातला टँक साफ करताना कुटुंबाला बाधा झाली, आणि मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. ताप, खोकला, धाप, तोंडात विचित्र चव अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना ‘फ्लू’ न म्हणता टँकबद्दल सांगा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे उकळणं स्वयंपाकघरात, खिडकी बंद, शेजारी लहान मूल अशाच बेताने होणार.

दगड बाद करायचाच असेल तर बाल्कनीत उन्हात महिनाभर कडकडीत वाळवा, कोरडा दगड ब्रशने घासून धूळ उडवू नका, हातमोजे घाला. परत टँकमध्ये घालाल तेव्हा तो मेलेला दगड आहे, सायकल (उपयोगी बॅक्टेरिया बसवण्याची प्रक्रिया) पहिल्यापासून. आणि ‘नवा दगड समुद्रावरून आणू’ असं कुणी सुचवलं तर त्याला सांगा की दगड बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून पिशवीत घालून आणायची ती वस्तू नव्हे.

“आठवड्यात कायमचा साफ”

हा दावा खोडायला फारसं काही लागत नाही. दगडाच्या आत, पंपाच्या मागे, सम्पच्या (टँकखालच्या गाळणीच्या टाकीच्या) अंधाऱ्या कप्प्यात एक जण उरतोच. पन्नासचे दोन झाले आणि वर्षभर दोनच राहिले तर टँक उत्तम चाललाय असं समजा. दर पंधरवड्याला टॉर्च घेऊन सम्प आणि ओव्हरफ्लो (जादा पाणी सम्पमध्ये उतरतं ती जागा) बघा, दिसला की एक थेंब पेस्ट. खाणं तेवढंच घाला जेवढं मासे दोन मिनिटांत संपवतील. नवा फ्रॅग आला की आयोडीनच्या डिपवर (औषधी पाण्यात बुडवण्यावर) विसंबू नका, त्यातून एप्टेशिया सहीसलामत निघतो. फ्रॅग प्लगवरून कापून कोऱ्या प्लगवर चिकटवा. जुना प्लग वाळवून कचऱ्यात टाका, खाडीत किंवा गटारात नाही.