दोन चौकटींमधली कोरी जागा

नमस्कार सर,

कुमारवयातल्या मुलांच्या हाती ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणारी पुस्तकं, द्यावीत, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की चित्रं सगळं आयतं पुढ्यात ठेवतात आणि कल्पनाशक्तीला काम उरत नाही, त्यांतली भाषा तुटपुंजी असते, आणि एकदा ही सवय लागली की मूल सलग मजकुराच्या पुस्तकाला हात लावत नाही. तुमच्या वर्गातला सातवीचा मुलगा दुसरं काहीच वाचत नाही, ही काळजी त्यामागे आहे हे कळलं. म्हणून सविस्तर लिहिते.

माझा खरा मतभेद कल्पनाशक्तीच्या मुद्द्यावर आहे. समजा, एका चौकटीत मुलीचा हात दाराच्या कडीवर आहे. पुढच्या चौकटीत ती जिन्यात गुडघ्यात डोकं घालून बसली आहे. दारापलीकडे तिनं काय पाहिलं, कोण काय बोललं, मध्ये किती वेळ गेला, यातलं काहीही काढलेलं नाही. ते वाचणाऱ्यानं रचायचं. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये हेच उलगडून दाखवलं: दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत गोष्ट वाचकाच्या मनात पुरी होते. शिवाय चित्रपटाचा वेग दुसऱ्या कुणी ठरवलेला असतो. इथे कुठे थांबायचं आणि कधी मागे जायचं, हे मूल स्वतः ठरवतं.

काही गोष्टी तर या माध्यमालाच साधतात. सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ (२०१४) घ्या. लहानपणी मेनिंजायटिस या आजारानंतर लेखिकेला ऐकू येईनासं झालं, त्या दिवसांची ही गोष्ट. तिच्या श्रवणयंत्राची बॅटरी उतरू लागली की संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकट होतात आणि मग फुगा रिकामाच राहतो. समोरचं माणूस बोलतंय हे दिसतं, पण काय ते कळत नाही. वाचणारं मूल त्या क्षणी तिच्याच जागी असतं. शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’मध्ये (२००६) कथा सांगणारा एकही शब्द नाही. परक्या देशात आलेल्या माणसाभोवतीच्या पाट्या लेखकानं स्वतः बनवलेल्या लिपीत आहेत, त्यामुळे त्या त्यालाही वाचता येत नाहीत आणि आपल्यालाही. आणि डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या ‘भीमायन’मध्ये (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी फुग्यांनाच स्वभाव दिला आहे. मृदू बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. बोलण्यातला सूर ओळखायला शिकवणं किती अवघड असतं, हे भाषेच्या शिक्षकाला मी काय सांगू!

शब्दसंपत्तीबद्दल थोडक्यात. हेज आणि अ‍ॅरेन्स या संशोधकांनी १९८८ साली इंग्रजी मजकुरांची तुलना केली होती. दर हजार शब्दांमागे विरळा वापरले जाणारे शब्द मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१ निघाले, कॉमिक्समध्ये सुमारे ५३. ही त्या काळची कॉमिक्स, आणि त्यांत एकूण शब्दच कमी असतात, म्हणून यावरून मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. पण चित्रं आली की भाषा बाळबोध होते, असं गृहीत धरता येत नाही.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. लांब वाक्याचा धागा न सोडता शेवटपर्यंत जाणं, एकच विचार पानभर धरून ठेवणं, हा दम गद्य वाचूनच येतो. ग्राफिक नॉव्हेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

मात्र अक्षरांशी झगडणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा विचार करा. त्याला झेपेल एवढ्या मजकुराचं पुस्तक शोधायला गेलं, तर हातात ससा-कासव येतं. मन बारा वर्षांचं, मैत्री तुटल्याचं, वर्गात एकटं पडल्याचं दुःखही बारा वर्षांचं, आणि वाचायला मात्र सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट. हा अपमान मुलं बोलून दाखवत नाहीत, ती पुस्तक मिटून टाकतात. ग्राफिक नॉव्हेल त्याला त्याच्या वयाची गोष्ट देतं, आणि या पुस्तकांची ओढ मला सगळ्यात जास्त इथेच दिसते. जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’चा कृष्णवर्णीय नायक सातवीतच आहे. नव्या शाळेत त्याच्यासारखी दिसणारी मुलं मोजकीच आहेत. या पुस्तकाला २०२० चं न्यूबेरी पदक, हा बालसाहित्यासाठीचा अमेरिकी पुरस्कार, मिळालं, ग्राफिक नॉव्हेलला पहिल्यांदाच.

तेव्हा त्या मुलाच्या हातातलं पुस्तक कृपा करून काढून घेऊ नका, आणि ‘आधी खरं पुस्तक वाच, मग हे’ अशी अटही घालू नका. त्याच्या आवडत्या पुस्तकातल्या दोन लागोपाठच्या चौकटी त्यालाच निवडू द्या आणि मधल्या जागेत काय घडलं ते एका परिच्छेदात लिहायला सांगा. तिथे त्याला सलग वाक्यं लागतील, आणि ती त्याची स्वतःची असतील. त्यानं काय लिहिलं ते कळवलंत तर मला फार आवडेल.