काळी ज्वारी, "नैसर्गिक पेनिसिलीन" अन् पोटातलं बाळ

माहेरच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरायलाय. म्हणे गरोदर बाईनं धान्याच्या बुरशीला भ्यायचं कारण नाही, बुरशी म्हणजे नैसर्गिक पेनिसिलीन, भाजलं की संपलं, बाळ गर्भपिशवीत सेफच असतंय, अन् आपल्या आज्या पावसात भिजून काळी पडलेली, बुरशीची ज्वारी खाऊनच बाळंत झाल्या. माझ्या जावेला सातवा चालूय, तिनं विचारलं "ताई, खरंय का हे?", म्हणून लिहायलेय.

पेनिसिलीन वेगळ्या बुरशीतून काढून, शुद्ध करून, मोजून देतात. शेंगदाण्यांवर, मक्यावर येते ती अस्परजिलस नावाची बुरशी, तिचं विष अफलाटॉक्सिन. 1960 ला इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले ते शेंगदाण्याच्या पेंडीतल्या ह्याच विषानं.

भाजल्यानं बुरशी मरते हो, विष राहतं. त्याला साधारण अडीचशे डिग्री लागते अन् भाकरी आतून शंभराच्या वर जात नाही. थोडं कमी होतं, बस.

आता बाळाचं. अफलाटॉक्सिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडं जातं, घाना-नायजेरियात नाळेच्या रक्तात सापडलंय, अन् गॅम्बियात ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ते जास्त होतं त्यांची बाळं पहिल्या वर्षात वजना-उंचीला मागं पडलेली दिसली. मक्या-ज्वारीवरचं दुसरं विष फ्युमोनिसिन, ते फॉलिक ॲसिड पेशीत शिरू देत नाही, त्यामुळं बाळाच्या मेंदू-मणक्याच्या व्यंगाशी त्याचा संबंध असल्याचा संशय आहे, पक्कं शाबीत नाही. एखादी भाकरी पोटात गेली म्हणून रडत बसू नका, रोज महिनोन्‌महिने खाणं हा खरा धोका.

राहिल्या आज्या. माझी आजी पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी बाजूला काढायची अन् घरात शाळूच (रब्बीची ज्वारी) शिजायची, सुपात पाखडताना एकेक दाणा टिपायची, ते फॉरवर्डवाल्यानं बघितलेलं दिसत नाही. 1995 ला ह्याच दख्खनच्या पठारावर भिजलेली ज्वारी-मका खाऊन गावोगावची माणसं पोटदुखी-जुलाबानं आडवी झाली, धान्यात फ्युमोनिसिन निघालं. अन् आजीला आठ झाली, पाच जगली. बुरशीनंच गेली असं मी म्हणत नाही, पण "आम्हाला काय झालं?" म्हणायला जगलेलेच उरतात ना!

काल जावेच्या डब्यातले शेंगदाणे ताटात ओतून निवडले, सुरकुतलेले, काळपट, एक चावून बघितला तर कडू जहर. वाटीभर निघाले. सासूबाई म्हणाल्या म्हशीला घाला. नाही घातले. म्हशीच्या पोटातून ते विष दुधात उतरतं अन् दूध कितीबी उकळलं तरी जात नाही, अन् त्या दुधाचा पहिला ग्लास जावेलाच जातो.