एसएस (स्टेनलेस स्टील) क्लॅम्पचे आटे का धरतात (चिकटून अडकतात): एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्टेनलेसला गंज चढत नाही, तेव्हा क्लॅम्पच्या नट-बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावायला मी सांगितलं तो अडाणीपणा, आणि दुधाच्या पाइपलाइनीवर तर पापच. नट अडकतात ते माल हलका असतो म्हणून; ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, तरी अडकला तर डब्ल्यूडी-४० (फवारायचं पातळ तेल) मारा.

अहो, पण हे दुखणं गंजाचं नाहीच. एमएसचा (माइल्ड स्टील, साधं लोखंडी पोलाद) बोल्ट महिनोन्महिने पडून राहिला की गंजून अडकतो. एसएसचा कोरा करकरीत नट कोऱ्या बोल्टवर चढवता चढवताच धरतो, तोही फिटरच्या हातात. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडची अगदी पातळ साय असते. दाबाखाली आटे घासले की ती खरवडली जाते आणि उघडा पडलेला धातू समोरच्या उघड्या धातूला थेट चिकटतो. आणखी फिरवलं की तिथला कण उपटून निघतो, घासून कडक होतो आणि पुढचे आटे नांगरत जातो. त्यात स्टेनलेसमधून उष्णता वाहते ती एमएसच्या जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे घर्षणाची धग आट्यांतच कोंडते. इम्पॅक्ट गनने (झटके देत वेगात फिरवणाऱ्या यंत्राने) आवळलेले नट जास्त का धरतात, ते यात आलं.

३१६ घेऊनही हे टळत नाही. त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडपासून वाचवतं, चिकटण्यापासून नाही, दोन्ही ऑस्टेनिटिकच, म्हणजे एकाच घडणीचं स्टेनलेस. जोडी वेगळ्या धातूंची केली की मात्र फरक पडतो. टीसी क्लॅम्पचे (पाइपांची टोकं गॅस्केटसह आवळून जोडणारी कडी) विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचे पंखवाले नट, नीट बघा, कित्येक पितळी किंवा ब्रॉन्झचे निघतील. नट झिजला तर नट बदलायचा, बोल्ट शाबूत.

कॉपरचं अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची तांब्याची पेस्ट) दुधाजवळ नको, इथे मी तुमच्याच बाजूचा. पण एच-१ नोंदणीचं फूड ग्रेड वंगण मिळतं. अन्नाला चुकून लागण्याची शक्यता असते अशा जागांसाठीच ते असतं. शिवाय क्लॅम्पचा बोल्ट लाइनीच्या बाहेर. आटे पुसून बोटाने पुसटसा थर दिला तरी पुरे. धुण्यात तो निघून जातो, तेव्हा अधूनमधून पुन्हा लावायचा. आणि वंगण लावल्यावर जोर कमी करायचा, हे फिटरला बजावून सांगा. नाहीतर तेवढ्याच जोरात ताण जास्त बसतो, गॅस्केट पाइपच्या आत फुगून येतं आणि त्या कडेला दूध साचतं.

राहिलं डब्ल्यूडी-४०. नट खरोखर चिकटला असेल तर तेल शिरणार कुठून, फटच उरलेली नसते. हाताला जड लागलं की तिथेच थांबायचं, हळूच उलटा फिरवून काढायचा आणि आटे साफ करून बघायचे. "अजून अर्धा फेरा" म्हणत पान्ह्याला पाइप घातलात की पुढचं काम ग्राइंडरचं. दुधाच्या लाइनीशेजारी ठिणग्या आणि लोखंडी कीस उडवण्यापेक्षा बोटभर फूड ग्रेड ग्रीस मला कधीही चालेल.