विमानातील मंद दिवे आणि ‘निवृत्त वैमानिका’चा घातक सल्ला

विमानाच्या केबिनमधील दिव्यांविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. ‘एका निवृत्त वैमानिकाचा खुलासा’ असे त्याचे शीर्षक आहे. त्या वैमानिकाचे नाव काय, तो कोणत्या कंपनीत होता, कोणते विमान चालवत होता, यातले काहीही त्यात नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: टेकऑफच्या वेळी इंजिनांना वीज कमी पडते म्हणून केबिनचे दिवे मंद करतात, नव्या विमानांतील निळा एलईडी प्रकाश प्रवाशांना गुंगी आणण्यासाठी असतो, कारण इंधन वाचवण्यासाठी ऑक्सिजन कमी केलेला असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात या दिव्यांवर काळे पट्टे दिसतात, तो घातक लहरींचा पुरावा आहे, आणि मंद प्रकाशात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे निळे किरण थेट नेत्रपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, जाळतात, म्हणून ज्येष्ठांनी टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी डोक्यावरचा वाचनदिवा लावून ठेवावा, मोबाइलचा पडदा पूर्ण तेजाने समोर धरावा आणि खिडकीची झडप खाली ओढून घ्यावी.

हा संदेश माझ्या आत्याकडे पोहोचला. तिने सत्तरी ओलांडली आहे, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि ती लेकीकडे टोरांटोला निघाली आहे. शेवटचा सल्ला तिने चिठ्ठीवर उतरवून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. “अरे, वैमानिकच सांगतो आहे, तो खोटे कशाला सांगेल?” हा तिचा प्रश्न होता. बाकीचे मुद्दे निव्वळ अज्ञानातून आलेले आहेत. हा शेवटचा मात्र जिवाशी खेळणारा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

रात्रीच्या उड्डाणात दिवे मंद करण्याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. आपल्या नेत्रपटलात भरपूर प्रकाशात काम करणाऱ्या शंकू पेशी असतात आणि अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंड पेशी असतात. लख्ख उजेडातून एकदम काळोखात गेल्यावर शंकू पेशी पाच-दहा मिनिटांत जमेल तितक्या सरावतात. दंड पेशींमधील रोडॉप्सिन हे द्रव्य पुन्हा पुरेसे तयार होण्यास मात्र अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. भारनियमनाच्या दिवसांत रात्री अचानक वीज गेली की पहिला काही वेळ समोरचा माणूसही दिसत नसे आणि नंतर हळूहळू दार, पायऱ्या, अंगण उमटू लागे, हा अनुभव महाराष्ट्रात कोणाला सांगावा लागू नये. टेकऑफ आणि लँडिंगच्या आधी केबिन मंद करण्यामागे हाच विचार आहे. अपघातांचा मोठा वाटा याच दोन टप्प्यांत घडतो, आणि दिवे अचानक गेलेच तर डोळे निदान अर्धी वाट चालून आलेले असावेत, एवढीच अपेक्षा त्यात असते.

ही अपेक्षा किती महत्त्वाची आहे हे एका नियमावरून कळते. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक नियमांच्या भाग 25 मधील कलम 812 हे आपत्कालीन प्रकाशाविषयी आहे आणि युरोपच्या नियमावलीतही त्याच क्रमांकाचे तसेच कलम आहे. मुख्य दिवे गेल्यानंतर जो आपत्कालीन प्रकाश उरतो, तो मार्गिकेच्या, म्हणजे आसनांमधल्या वाटेच्या, मध्यरेषेवर, आसनाच्या हाताच्या उंचीला मोजला असता सरासरी किमान 0.05 फूटकॅन्डल (प्रकाश मोजण्याचे एकक) असावा, असे हे कलम सांगते. म्हणजे साधारण अर्धा लक्स. कार्यालयातील टेबलावर 500 लक्स प्रकाश धरतात, त्याच्या हजारावा भाग. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याच्या जेमतेम दुप्पट. एवढ्या उजेडात पट्टा सोडायचा, मार्गिकेत यायचे आणि दार शोधायचे असते. आत्या त्या क्षणापर्यंत वाचनदिव्याच्या झोतात बसून झगझगीत पडद्याकडे पाहत राहिली, तर तिच्या डोळ्यांना हा अर्धा लक्स म्हणजे निबिड काळोखच वाटणार. शिवाय वय वाढते तसा अंधाराला सरावण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे ज्यांना या तयारीची सर्वाधिक गरज आहे, नेमके त्यांनाच हा संदेश ती तयारी मोडून टाकायला सांगतो.

त्याच कलमात पुढे मार्गिकेतील जमिनीलगतच्या खुणांची अट आहे. मजल्यापासून 4 फुटांच्या वरचे सगळे प्रकाशस्रोत पूर्णपणे झाकले गेले असे गृहीत धरून प्रवाशाला वाट सापडली पाहिजे, अशी ती अट आहे. ही कल्पना कागदावर बसून सुचलेली नाही. 2 जून 1983 रोजी एअर कॅनडाच्या उड्डाण 797 च्या मागच्या शौचालयाच्या बाजूला आग लागली आणि ते डीसी-9 विमान सिनसिनाटीला उतरवण्यात आले. विमान सुखरूप टेकले होते, दारे उघडली होती, तरी आतील 46 जणांपैकी 23 जण मरण पावले, कारण केबिन धुराने इतकी भरली होती की वरचे दिवे असून नसल्यासारखे झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जमिनीलगतच्या मार्गदर्शक खुणा सक्तीच्या झाल्या आणि त्या बसवण्यासाठी विमान कंपन्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली.

आजच्या अनेक विमानांत या खुणा म्हणजे स्वतः वीज न घेता चमकणाऱ्या पट्ट्या असतात. पुढच्या वेळी विमानात चढताना पायाखाली पाहावे: आसनांच्या रांगेला लागून फिकट पिवळसर-हिरवट पट्टी गेलेली दिसेल. ती केबिनच्या दिव्यांचा प्रकाश शोषून ठेवते आणि काळोखात तो हळूहळू परत देते. म्हणूनच दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी रिकाम्या केबिनचे दिवे पूर्ण तेजाने ठरावीक वेळ लावून ठेवावे लागतात. ही पट्टी प्रामुख्याने निळसर प्रकाशावर भरते, तांबड्यावर नाही, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या काढून एलईडी बसवताना नव्या प्रकाशात ती पुरेशी भरते की नाही हेही तपासावे लागते. ज्या निळ्या घटकाला संदेश विष ठरवतो, तोच आपत्काळी वाट दाखवणारी पट्टी भरतो. तिचा मंद हिरवा उजेड दिसायचा तर डोळे अंधाराला सरावलेले हवेत, हे वेगळे सांगायला नको.

बाहुल्या मंद प्रकाशात मोठ्या होतात, हे खरे आहे. संदेशात सत्याचा अंश आहे तो इथेच. पण बाहुली मोठी होते ती मुळात प्रकाश फारच कमी असल्यामुळे, आणि मंद केलेल्या केबिनमधून डोळ्यांत शिरणारा निळा प्रकाश हा दुपारी अंगणात उभे राहिल्यावर शिरणाऱ्या प्रकाशापुढे नगण्य असतो. उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. तीव्र निळ्या प्रकाशाने नेत्रपटलाला इजा होऊ शकते, त्यासाठी दिव्यांच्या सुरक्षिततेची मानकेही आहेत. त्या तीव्रतेशी केबिनच्या छतावरील मंद पट्टीचा काही संबंध नाही. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. केबिन मंद करताना क्रू स्वतःच सांगतात की वाचायचे असल्यास वरचा दिवा लावावा. ती मुभा आहे, बंदी नाही. परंतु वाचणाऱ्याला दिलेली सोय ही ज्येष्ठांच्या डोळ्यांचे संरक्षण म्हणून सक्तीसारखी सांगणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीच मला आक्षेपार्ह वाटते.

आता वीज. विमानाला पुढे ढकलणारा रेटा इंधन जाळून मिळतो, केबिनच्या विजेतून नाही. उलट वीज इंजिनाला जोडलेले जनित्र तयार करते. एअरबस ए320 विमानाच्या प्रत्येक इंजिनावर 90 केव्हीए (वीजक्षमतेचे एकक) क्षमतेचे जनित्र असते आणि बोइंग 787 च्या प्रत्येक इंजिनावर 250 केव्हीएची दोन. एलईडी दिव्यांचा भार त्यात किरकोळ असतो. वजन आणि वीज दोन्ही वाचतात म्हणून तर नळ्यांच्या जागी ते आले. इंजिनाला वीज कमी पडत असती, तर भर दुपारच्या उड्डाणातही दिवे तितकेच मंद करावे लागले असते. इंजिने सुरू होताना दिवे क्षणभर लुकलुकतात ते वीजपुरवठा सहायक जनित्रावरून किंवा विमानतळाच्या जोडणीवरून इंजिनाच्या जनित्रावर जातो म्हणून. उष्ण हवेत किंवा आखूड धावपट्टीवर काही विमानांत टेकऑफपुरते एसीचे पॅक, म्हणजे केबिनला थंड हवा पुरवणारी यंत्रे, बंद ठेवतात, कारण त्यांना लागणारी दाबाखालची हवा इंजिनातूनच घेतलेली असते. बहुधा यावरूनच कोणीतरी दिव्यांची कहाणी रचली असावी.

ऑक्सिजनचा मुद्दा ऐकून भीती वाटते, पण तो क्षणभरही टिकत नाही. वैमानिक आणि प्रवासी एकाच दाबाच्या हवेत श्वास घेतात. प्रवाशांना गुंगी येईल इतका ऑक्सिजन कमी केला, तर विमान चालवणाऱ्यालाही तीच गुंगी येईल. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण नेहमीचेच, सुमारे 21 टक्के असते. कमी असतो तो दाब. नियमानुसार नेहमीच्या उड्डाणात केबिनमधील दाब 8,000 फूट उंचीवरच्या दाबापेक्षा खाली जाता कामा नये, आणि 787 किंवा ए350 मध्ये तो 6,000 फुटांच्या आसपास राखला जातो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडासाच वर. या दाबाने आणि कोरड्या हवेने थकवा येतो हे खरे, आणि फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे हेही खरे. त्याचा दिव्यांशी संबंध नाही.

शिवाय निळा प्रकाश झोप आणतो हे विधानच उलटे आहे. 2002 च्या सुमारास नेत्रपटलात मेलॅनॉप्सिन असलेल्या प्रकाशसंवेदी पेशी सापडल्या. त्या सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि झोपेशी निगडित मेलाटोनिनचे स्रवणे रोखतात. प्रवाशांना झोपवायचे असते तर पिवळसर किंवा तांबूस प्रकाश लावला असता, आणि पुष्कळ कंपन्या झोपेच्या वेळी तोच लावतात. काही विमानांत रात्री गडद निळी छटा ठेवतात, ती मुख्यतः देखणेपणासाठी. इथे कंपन्यांचाही दोष आहे. रंग बदलणाऱ्या दिव्यांमुळे जेट लॅग नाहीसा होतो अशा थाटाच्या जाहिराती वाचून लोकांना या दिव्यांत काहीतरी गूढ शक्ती असल्यासारखे वाटले तर नवल नाही. शरीराचे घड्याळ साधारण दिवसाला तासभर सरकते. काही तासांच्या मंद प्रकाशाने मुंबई आणि टोरांटो यांच्या वेळांतले अंतर भरून निघत नाही.

मोबाइलमधील पट्ट्यांविषयी थोडक्यात. नळीचा दिवा सहजासहजी हवा तितका मंद करता येत नसे; एलईडी करता येतो, आणि तो बहुतेकदा अतिवेगाने चालू-बंद करून मंद केला जातो. डोळा त्याची सरासरी पाहतो. मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे दिवा बंद असतानाच्या ओळी काळ्या उमटतात. घरातल्या स्वस्त एलईडी बल्बखालीही हेच पट्टे दिसतात. लुकलुकण्याचा वेग कमी असेल तर काहींचे डोके दुखते, म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 2015 मध्ये त्याविषयी शिफारशी केल्या. हा दिव्याच्या दर्जाचा प्रश्न आहे, लहरींचा नव्हे.

राहिली खिडकीची झडप. ती उघडी ठेवायला सांगतात, कारण बाहेर आग, धूर किंवा इंधनाची गळती आहे का हे क्रूला आणि प्रवाशांनाही दिसले पाहिजे. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या ए350 ची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली तेव्हा अंधार पडलेला होता. आगीमुळे आठपैकी तीनच दारे वापरता आली, तरी त्यातून 379 जण बाहेर पडले. त्या वेळी कोणत्या बाजूला ज्वाळा आहेत हे पाहूनच दार उघडायचे की नाही हे ठरवावे लागले. “पण आम्हाला तर झडप बंद करायला सांगितले होते,” असे काही जण म्हणतील, आणि ते खोटे बोलत नाहीत. मे 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या ताब्यातील विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेलगतच्या तळांवर, टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी 10,000 फुटांपर्यंत झडपा खाली ठेवण्याचा आदेश दिला होता. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी हेही संरक्षण दलांच्या ताब्यातील विमानतळ आहेत. तो आदेश लष्करी सुरक्षेसाठी होता, डोळ्यांसाठी नव्हता. आणि आपत्कालीन दरवाज्यांलगतच्या खिडक्या त्यातूनही वगळलेल्या होत्या.