टीएन व्हिसा: तात्पुरतं राहायचं, पण कायमचं

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या लॉटरीत यंदाही नाव लागलं नाही म्हणून तोंड पाडून बसलेल्या मंडळींनो, उठा, तोंड धुवा आणि चहा टाका. त्या लॉटरीत जागाच मुळात 65,000, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वरच्या 20,000, आणि रांगेत अख्खं पुणं, हैदराबाद नि बेंगळुरू उभं. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पसाहेबांनी फतवा काढला की देशाबाहेरून नवा एच-वन-बी माणूस आणायचा तर कंपनीने 1,00,000 डॉलर मोजायचे. म्हणजे आता नुसतं हुशार असून भागत नाही, एक लाख डॉलरचं हुशार असावं लागतं. कशाला त्या भानगडीत पडता? शेजाऱ्याच्या दाराने जा की.

या दाराचं नाव टीएन, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोच्या शिकलेल्या नागरिकांसाठीचा अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा. 1992 च्या डिसेंबरात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोने नाफ्टा या मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या केल्या, 1 जानेवारी 1994 ला तो लागू झाला, आणि त्यात मका, मोटारी, दूध वगैरेंच्या सोबतीने शिकलेल्या माणसांचीही सोय करून ठेवली. 2020 मध्ये नाफ्टा जाऊन नवा करार आला, त्याला अमेरिकावाले यूएसएमसीए म्हणतात, कॅनडावाले कुस्मा म्हणतात, मेक्सिकोवाले ते-मेक म्हणतात, कारण प्रत्येकाला आपलं नाव आधी पाहिजे. एवढी गोडीगुलाबी असलेल्या तीन देशांच्या भरवशावर तुम्हाला आयुष्याचं प्लॅनिंग करायचंय, तेव्हा निश्चिंत राहा.

टीएनला लॉटरी नाही, कोटा नाही. बफेलोच्या पीस ब्रिजवर, नाहीतर टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर अमेरिकेचं इमिग्रेशन बसतं तिथे जायचं, खिडकीत कागद सरकवायचे, 50 डॉलर फी, आय-94 चे (म्हणजे अमेरिकेत कधी आलात नि कधीपर्यंत राहू शकता याच्या नोंदीचे) वेगळे, आणि साहेबाचा मूड बरा असला तर दुपारच्या जेवणाआधी तीन वर्षांचा शिक्का. (2008 पर्यंत एकच वर्ष मिळायचं, तेव्हाचे लोक दर वर्षी पूल ओलांडून पुन्हा तेच सांगत बसायचे, तुमचं नशीब थोर.) फक्त तुम्ही कॅनडाचे किंवा मेक्सिकोचे नागरिक पाहिजे. नुसतं पीआर कार्ड, म्हणजे कायम राहायची परवानगी, चालत नाही. नागरिक नाही आहात? हात्तिच्या, मग व्हा की!

मेक्सिको नको, आधीच सांगतो. तेही शेजारी, सही त्यांचीही, पण त्यांना वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा काढावा लागतो, आणि 2003 संपेपर्यंत त्यांच्यावर वर्षाला 5,500 चा कोटाही होता. कॅनडावर कोटा कधीच नव्हता. असं का, ते विचारू नका, शेजारधर्मात असं विचारत नाहीत.

तर कॅनडा. आधी पीआर मिळवा, मग पाच वर्षांत 1,095 दिवस तिथे प्रत्यक्ष राहून दाखवा (दिवस मोजायला एक्सेल शीट ठेवा, आजीच्या तेराव्याला साताऱ्याला गेलेले दिवस त्यातून वजा होतात), मग परीक्षा द्या, मग हात वर करून राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्या. पणजोबा पत्री सरकारात होते हे त्या दिवशी कोणाला सांगू नका. शपथ झाली की भारताचा पासपोर्ट सरेंडर करा, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घ्या, आणि रिटायर झाल्यावर कोकणात आंब्याची बाग विकत घ्यायची म्हणत होतात ना, ते विसरून जा, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. बाग वडिलोपार्जित असेल तर आनंद आहे, चुलत्यांशी गोड बोलत राहा.

अमेरिकेत जायला आधी कॅनेडियन व्हायचं याला कोणी द्राविडी प्राणायाम म्हणेल. म्हणू द्या. त्याचं नावही लॉटरीत लागलेलं नसणार.

आता महत्त्वाचा भाग, तुम्ही नक्की कोण आहात. हे तुम्ही ठरवायचं नसतं. करारात एक यादी आहे, साठेक पेशांची, आणि ती नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला बसून केलीय जेव्हा वेबसाईट म्हणजे काय हे सह्या करणाऱ्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. यादीत मधमाश्यांचा शास्त्रज्ञ आहे, कोंबड्यांचा शास्त्रज्ञ आहे, दुधाचा आहे, मातीचा आहे. खगोलशास्त्रज्ञ, ग्रंथपाल, हॉटेल मॅनेजर आहेत, पूर-वादळानंतर विम्याचे दावे तपासणाराही आहे. डेटा सायंटिस्ट नाही. प्रॉडक्ट मॅनेजर नाही. प्रोग्रामर सुद्धा नाही! 2020 मध्ये करार नवा झाला, नाव बदललं, यादी तशीच पुढे आली. तेव्हा तुम्ही एआयमध्ये कितीही मोठे तीर मारत असलात तरी पुलावर तुमच्यापेक्षा कुक्कुटपालनवाल्याचा कागद जास्त स्वच्छ असतो हे लक्षात घ्या, आणि पोरांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला देताना विचार करा.

प्रोग्रामर नाही, पण कॉम्प्युटर सिस्टिम्स ॲनालिस्ट आहे, आणि इंजिनिअर आहे. या दोन दारांतून जगातले सगळे सॉफ्टवेअरवाले आत शिरतात. खिडकीतला साहेब कंपनीच्या पत्रावरून बोट फिरवत फिरवत मध्येच विचारणार, कोड लिहितोस का रे? इथे भले भले घसरतात. दहा वर्षं दुसरं काही केलेलं नसतं, गेल्या रात्री दोन वाजेपर्यंत प्रॉडक्शनचा बग काढत बसलेलो असतो, आणि छाती फुगवून 'हो' म्हणायची सवय लागलेली. म्हणू नका. तुम्ही गरजांचं विश्लेषण करता. तुम्ही सिस्टिमचा अभ्यास करता. कोड कुठेतरी आपोआप उगवतो, जवळपास कोणीतरी लिहीत असेल, तुमची त्याची ओळख नाही.

इंजिनिअरच्या दाराने जाणार असाल तर आपली खास मराठी अडचण आहे. आपल्याकडे माणूस मेकॅनिकल शिकतो, कॅम्पसमध्ये आयटी कंपनी त्याला उचलते, हिंजवडीत तो जावा शिकतो आणि जन्मभर जावा करतो, हे आपल्याला इतकं नैसर्गिक वाटतं की यात काही खुपण्यासारखं आहे हेच कळत नाही. पुलावरच्या साहेबाला खुपतं. तो डिग्री हातात धरून विचारतो, इथे बॉयलर वगैरे दिसतंय, नोकरी बँकेच्या सॉफ्टवेअरची, यांचा संबंध काय? यावर 'सर, आमच्या वेळी सगळे असंच करायचे' हे उत्तर शंभर टक्के खरं आहे आणि शून्य टक्के उपयोगाचं. बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांनी हसू नये, तुमची तीन वर्षांची पदवी तिकडच्या चार वर्षांच्या बरोबरीची आहे का याचं इव्हॅल्युएशन करून घ्यायला पैसे बाजूला ठेवा. आणि पुण्याच्या लोकांनो, तुमच्या जुन्या सर्टिफिकेटवर नुसतं पुणे विद्यापीठ, 2014 नंतरच्या कागदांवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आणि समोरचा विचारतो की तू नक्की किती विद्यापीठांत होतास. सावित्रीबाई कोण हे पाठीमागे वीस माणसांची रांग असताना दोन वाक्यांत सांगायची तयारी घरूनच करून जा.

मॅनेजमेंट कन्सल्टंट हा पर्याय काही जणांना फार मोहात पाडतो कारण त्यात डिग्री नसली तर पाच वर्षांचा अनुभव चालतो. पण त्यात गंमत अशी की तुम्ही कंपनीतली नेहमीची कायम जागा भरताय असं दिसता कामा नये. म्हणजे पगार घ्या, रोज जा, पण जाताना पाहुण्यासारखं जा. इकॉनॉमिस्टचंही तसंच, फायनान्शियल ॲनालिस्ट मंडळी वर्षानुवर्षं त्या नावाखाली गपचूप जात होती, 2017 मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी कळवलं की बाबांनो, ॲनालिस्ट म्हणजे इकॉनॉमिस्ट नव्हे. त्याच वर्षी विंडसरहून रोज पूल ओलांडून डेट्रॉइटच्या इस्पितळात ड्युटीला जाणाऱ्या काही कॅनेडियन नर्सनाही सीमेवर कळलं की नर्स यादीत आहे खरी, पण तुम्ही जरा जास्तच शिकलेल्या नर्स आहात. तेव्हा शिका, पण बेताने शिका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुम्ही परत जाणार आहात. कधी, ते सांगायची सक्ती नाही, पण जाणार आहात. टीएनचं रिन्यूअल कितीही वेळा करता येतं, कायद्यात त्याला मर्यादा नाही, माणूस पंधरा-पंधरा वर्षं काढू शकतो, फक्त दर तीन वर्षांनी मनापासून सांगायचं की हे सगळं तात्पुरतं आहे. न्यू जर्सीतलं घर तात्पुरतं, तीस वर्षांचं कर्ज तात्पुरतं, अंगणात लावलेला कढीपत्ता तर फारच तात्पुरता, थंडीत मरतोच. टोरंटोत एखादं बँक खातं जिवंत ठेवा, मिसिसागात मावसभावाकडे दोन खोकी ठेवा, त्यात जुनी पुस्तकं आणि तुटकी स्की असली तरी चालेल, विचारलं तर सामान तिकडे आहे म्हणता येतं. आणि मागच्या सीटवरच्या पोरांना आधी पढवून ठेवा. तुमची फाईल टकाटक असते, वकिलाचं पत्र टॅब लावून तयार असतं, आणि साहेब वाकून सहज विचारतो, बाळ, कुठे चाललात? बाळ म्हणतं, होम! मग आतल्या खोलीत बसून भिंतीवरचा फोन वापरू नयेचा बोर्ड वाचत बसा.

बायकोचं काय, असं कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. तिला टीडी, म्हणजे टीएनवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा, मिळतो. टीडीवर तिला राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येत नाही. कॅनडात तिची चांगली नोकरी होती, ती सोडून ती तुमच्या तात्पुरतेपणात सामील होणार, मंडळाच्या गणपतीत मोदकांचा हिशेब बघणार, आणि ती सीए असल्याने तो हिशेब पैशापर्यंत बरोबर येणार, खजिनदार घाबरून राजीनामा देणार. (तिने स्वतःचा टीएन काढावा हा शहाणपणाचा मार्ग आहे, अकाउंटंट यादीत आहे, फार्मासिस्ट आहे, दातांची डॉक्टर आहे. शिक्षिका असेल तर कॉलेजातली चालते, शाळेतली नाही. पत्रकार असेल तर तिला हे सगळं लिहून काढायला भरपूर वेळ मिळेल.) नवरा टीडीवर असेल तर नियम अगदी तोच, फक्त त्याला 'ब्रेक घेतलाय' म्हणतात.

आणि ग्रीन कार्ड? आलात का मूळ मुद्द्यावर. एक तर परत जाणारच आहे म्हणून सांगणाऱ्या माणसाने ग्रीन कार्डाची फाईल पुढे केली की पुढच्या वेळी पुलावर तोंड कुठल्या बाजूला करायचं हा प्रश्न येतो. एच-वन-बीवाल्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवायची कायद्याने मुभा आहे, टीएनवाल्याला नाही. पण त्याहून मोठी गंमत पुढे आहे. ग्रीन कार्डाची रांग पासपोर्टावर ठरत नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि एका देशाच्या वाट्याला वर्षाचे 7 टक्के. तुम्ही राजाची शपथ घेतलीत, हॉकी बघायला लागलात, पोळीवर मेपल सिरप घातलंत, पण तुमचा जन्म मिरजेला झाला तो झाला. ज्या रांगेतून सुटायला आठ-दहा वर्षांचा वळसा घातलात तीच रांग, तेच पुढचे लोक, फक्त तुम्ही उशिरा आलात म्हणून शेवटी. यातून सुटायचा कायदेशीर उपाय एक आहे, जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असला तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. अविवाहितांनी नोंद घ्यावी. पत्रिकेत जन्मस्थळाचा रकाना पूर्वीपासून आहेच, आजवर तो नुसता अक्षांश-रेखांश काढायला वापरत आलो. यापुढे मुलगी बघायला गेल्यावर नाडी-गण राहू द्या, तिचा जन्म मस्कतचा निघाला तर मागे हटू नका.

असो. जायचं तर लवकर जा, कारण तिन्ही देशांनी करारातच लिहून ठेवलंय की 1 जुलै 2026 ला एकत्र बसायचं आणि हे पुढे वाढवायचं की नाही ते बोलायचं. 1 जुलै म्हणजे नेमका कॅनडा डे, तिकडे सगळे फटाके बघत असतात. एखाद्या देशाला करारातून बाहेरच पडायचं असेल तर बाकीच्यांना 6 महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुम्हाला कंपनीने काढलं तर फार फार तर 60 दिवस, आणि आय-94 त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तेवढ्यात नवी नोकरी बघा, जमली नाही तर घर विकायला काढा, पोराचं नाव शाळेतून काढा, मूव्हर्सवाल्याशी घासाघीस करा. गाडी कॅनडात न्यायची असेल तर तिच्या इम्पोर्टचे कागद वेगळे लागतात, त्यांच्या यादीत तुमचं मॉडेल बसतं का ते आधी बघून घ्या. तिकडेही यादी आहे.