‘थांबा, आपोआप बोलेल’ या मेसेजला उत्तर

यवतमाळ-अमरावतीकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: “पोट्टं चार-पाच वर्सांपर्यंत बोललं नाही, चाललं नाही तरी घाबरू नका. उशिरा बोलनारं हुशार निघते. जुन्या लोकायनं कुठं डॉक्टर केले होते? दवाखान्यात नेलं का शिक्का बसते, मंग शाळा घेत नाही अन् बहिनीचं लगनही अडते.” मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतला, दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक. घरोघरी जातो तेव्हा हाच मजकूर माझ्यापुढे धरला जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उशिरा बोलणारं हुशार निघतं. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे नीट बोलतात, हे खरं. पण दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून ते त्यांतलं आहे की नाही, हे आजीला कळत नाही आणि मलाही नाही. न बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानाची. “त्याले आयकू येते न, ताट वाजवलं का पाह्यते,” असं बहुतेक घरांत सांगतात. ताट वाजवणारा हात दिसतो, जमिनीचा हादराही कळतो. शिवाय मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. त्यासाठी बेरा तपासणी असते: मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून, आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते यंत्र टिपतं. सुई नाही, दुखणं नाही. दोष निघाला तर श्रवणयंत्र लवकर लागतं, कारण मेंदू भाषा सगळ्यात सहज शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, वयाची अट पाच वर्षांची आहे. म्हणजे मेसेज जिथपर्यंत थांबायला सांगतो, नेमकं तिथं दार बंद होतं.

दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, नावानं हाक मारली तरी वळत नाही, सहा महिने झाले तरी मान सावरत नाही. यातलं एकही असेल तर दाखवून या. तपासणीत काही निघालं नाही तर मग खुशाल थांबा.

जुन्या लोकांनी डॉक्टर केले नाहीत, कारण अशी बरीच बाळं वाचतच नव्हती. सातव्या महिन्यात जन्मलेलं, जन्मताच न रडलेलं, काविळीनं पिवळंजर्द झालेलं बाळ आज नवजात अतिदक्षता कक्षात वाचतं. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय-मान नीट न सावरण्याचा, धोका अशाच बाळांना जास्त असतो. आणि तेव्हा जी वाचली, ती कुठं होती? गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा. एखादा ‘मुका’, एखादी ‘येडी’ त्याला लगेच आठवेल.

मेसेजखाली हमखास येणारा प्रश्न मात्र खरा आहे: “नागपूरले न्यायचे पैसे कोन देते?” दर वेळी नागपूरला जावं लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान मुलांची तपासणी आणि थेरपी होते तिथं, पाठवतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा थेरपीला जा, असं सांगणाऱ्यानं आधी त्या मायची मजुरी भरून द्यावी. म्हणून मी आयांना सांगतो, थेरपिस्टनं व्यायाम नुसता दाखवला तर उठू नका. तिथंच स्वतःच्या हातानं करून दाखवा, चूक दुरुस्त करून घ्या, मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. दोन भिंतींच्या कोपऱ्यात टेकवून बसवायचं, आडवं पाडून भरवायचं नाही, हे वावरातून आल्यावरही जमतं. ताठ झालेले पाय जोरानं ओढून सरळ करणाऱ्या मालिशवाल्याच्या हाती मात्र मूल देऊ नका.

शिक्का बसला की शाळा घेत नाही? उलट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. मुख्याध्यापक “आमच्याकडं सोय नाही” म्हणाले तर तेवढंच लिहून मागा. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचं विद्यावेतन यांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मेसेज ज्याला शिक्का म्हणतो, ते हेच. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठं गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं. प्रमाणपत्र नसलं म्हणून मुलाची अडचण मास्तरांपासून लपत नाही. फक्त मदत हुकते.

राहिलं बहिणीचं लग्न. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा गरोदरपणात किंवा जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेतून येते. त्यात घराण्याचा दोष शोधू नये. बहिरेपण काही घरांत वंशातून येतं, पण लपवून ते थांबत नाही. आणि रक्ताचीच काळजी असेल तर विदर्भात ती सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, करा. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजाराचा अंश दोघांत असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पोरीची आणि होणाऱ्या जावयाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणी सोयरीक जुळवताना तो रिपोर्ट मागितल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.