ग्रंथालय आधुनिक करायचंय? आधी पुस्तकं हलवा

ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर तुमची निवड झाली, निधी मंजूर झाला आणि आता ग्रंथालय 'अत्याधुनिक' करायची जबाबदारी तुमच्यावर आली. अभिनंदन! यातलं काहीही ग्रंथपालांच्या कानावर घालू नका. कुठलं पुस्तक कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि अशा माणसांचा नूतनीकरणात फार व्यत्यय येतो.

इमारतीपासून सुरुवात करा, कारण फीत इमारतीलाच बांधता येते. आत शिरल्याशिरल्या तीन मजले उंच मोकळं दालन हवंच. वर काचेचं छप्पर, खाली एकच कोच. कपाटं कुठे जाणार असं कुणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने 'डिजिटल' एवढंच म्हणा. थोरांनी ही वाट आधीच मळून ठेवली आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं नवं मुख्य ग्रंथालय १९९६ मध्ये थाटात उघडलं. मधलं भव्य दालन पाहून लोक हरखले, आणि पुस्तकांनाच जागा अपुरी पडली. ढिगांनी पुस्तकं टाकून दिल्याचा बोभाटाही झाला. दालनाचे फोटो मात्र झकास येतात.

पुस्तकं बाद करण्याचंही एक शास्त्र आहे म्हणतात: शेवटचं कधी वाचायला गेलं, दुसरी प्रत आहे का, इतरत्र कुठे मिळेल का, वगैरे. इतका वेळ कुणाला आहे? जाडीवरून ठरवा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्यातलं चौथं. ती सुरेख अक्षरांत भिंतीवर रंगवून घ्या. कपाटं हलवल्यामुळे भिंत मोकळी झालेलीच आहे.

संकेतस्थळाबद्दल फार सांगायला नको. सरकते फोटो, अध्यक्षांचं मनोगत आणि ग्रंथालय किती वाजता उघडतं हे सांगणारं, तिरकं स्कॅन केलेलं परिपत्रक. 'शोधा' अशी चौकट ठळक ठेवा, पण तिच्यातून संकेतस्थळावरच्या बातम्याच सापडाव्यात. पुस्तकं शोधायची सोय वेगळ्या पानावर, तिसऱ्या मेनूच्या पोटात.

खरी कला लागते ती ऑनलाइन सूचीत. जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकागणिक नोंद असलेली कार्डं, सर्वात आधी रद्दीत घाला. त्यांवर कुणीतरी वर्षानुवर्षं पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात: हे टोपणनाव आहे, मूळ नावाखाली पाहा, या ग्रंथाचा दुसरा खंड मोठ्या आकाराच्या कपाटात. असला मजकूर हाताशी राहिला तर नव्या नोंदी ताडून बघायचा मोह होतो. मग नोंदी भरायचं काम नोंदीमागे दर ठरवून बाहेर द्या. संगणकात पुस्तकाची नोंद करायचा मार्क नावाचा एक नमुना १९६० च्या दशकापासून जगभर चालत आला आहे. त्यात १०० क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय असं सगळं ठरलेलं असतं. विषय लिहायचा तर पुस्तक उघडावं लागतं, म्हणून ६५० रिकामा सोडा. लेखकाचं नाव एकदा आडनावापासून, एकदा आद्याक्षरांनी, एकदा रोमन लिपीत भरा. एका लेखकाचे तीन लेखक होतात आणि अहवालात संग्रह भारदस्त दिसतो. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली की पुस्तक कायमचं सुरक्षित. जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये न बदलता तशीच चिकटवलीत, तर कुणाला काही सापडण्याची भीतीच उरत नाही.

कुणी तरुण कर्मचारी 'कोहा'चं नाव काढेल. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली मुक्त आहे, तिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. म्हणजे निविदा निघणार नाही. त्या कर्मचाऱ्याला पार्किंगच्या कामावर नेमा.

सुरक्षेचं काय, असाही प्रश्न येईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती. आपल्याकडे ही धास्ती नाही. आपली सूची बंद पडली तर कळायला कुणीतरी ती वापरत असायला हवं.

तरीही काही चिवट वाचक थेट काउंटरवर येतील, ग्रंथपाल मान वर न करता 'वरचा मजला, खिडकीशेजारी, खालून दुसरा कप्पा' असं सांगतील आणि वाचक पुस्तक घेऊन जाईल. हा प्रकार तातडीने थांबवा. प्रत्येक विनंती यंत्रावरूनच आली पाहिजे असा ठराव करा.

उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवावं लागेल. आदल्या रात्री प्रमुख पाहुण्यांच्या पुस्तकाची नोंद स्वतः बसून करून घ्या आणि तेच शोधून दाखवा. टाळ्या पडतील. त्यांनी प्रत हातात मागितलीच, तर ती वाचायला गेली आहे म्हणून सांगा. यावर शंका घेणारा लेखक अजून जन्माला यायचा आहे.